मुज्तबाची चौकट

लातुरात मी नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. आकाशाशी माझा संबंध आता एखाद्या गणितात ग्रह आला तर तेवढाच. पण एके काळी मी आणि नांदेडचा मुज्तबा पुण्यात पीएचडीला होतो, नारायणगावकडच्या रेडिओ दुर्बिणीचा डेटा साफ करायचो. रानात पसरलेल्या डिश एकदम आकाशाकडे कान लावून बसतात. हाती फोटो येत नाही, नुसते आकडे येतात, आणि त्यांचं चित्र आपण करायचं. एका डब्यात जेवायचो, कोणती डिश बिघडली यावरून भांडायचो. काय दिवस होते ते!

तेव्हा सगळं काम हातानं. चित्रावर माउसनं चौकट काढायची आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, बाबा, फक्त इथंच शोध, बाहेर नको. एका दीर्घिकांच्या घोळक्याशेजारी मुज्तबाला अंधुक कमान दिसली. त्यानं चौकट काढली आणि कमान उजळली. आमचे गाइड सगळ्यांसमोर म्हणाले, "चौकट काढली की काहीतरी निघणारच. तुम्हाला हवं ते तुम्ही बघितलंत." मुज्तबानं चित्र बंद केलं. महिन्याभरात गाशा गुंडाळून नांदेडला गेला, वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसला. गाइडचा राग आलाच, पण मुज्तबाचा जास्त आला. असा मुकाट्यानं कोणी जातं का? पुढं ईद-दिवाळीला फोन व्हायचे. कमानीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आता तो जुना डेटा कुणालाही मिळतो. शिवाय पाइपलाइन, म्हणजे तयार प्रोग्रॅमांची साखळी, आली आहे. तिच्यात आकडे टाकले की सफाईपासून चित्रापर्यंत सगळं ती आपणहून करते. चौकटीही तीच काढते. दिवाळीच्या सुटीत क्लासच्या कॉम्प्युटरवर मी ती चालवली. कमान निघाली नाही, तर गाइड खरे ठरणार आणि माझा दोस्त कायमचा खोटा.

चित्र उघडलं. कमान होती! रिकाम्या ऑफिसात मी एकटाच ओरडलो. प्रिंट काढली आणि नांदेडची एसटी धरली.

दुकानात मुज्तबा काच पुसत होता. केस पार पिकलेले. मी प्रिंट काउंटरवर ठेवली. त्यानं ओळखली, पण हात लावला नाही.

"चौकट कोनी काढली? तू?"

"न्हाई रे. मशीननं काढली. मी बोट बी लावलं न्हाई."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

मग त्यानं काचेवर खुणा करायचा पेन उचलला आणि प्रिंटवर आपली जुनी चौकट काढली. इतक्या वर्षांनी, न अडखळता. आम्ही दोघंही बघत राहिलो. कमान त्या चौकटीत मावत नव्हती. दोन्ही बाजूंनी बाहेर, लांबपर्यंत गेली होती.

"आदिनाथ," तो म्हणाला. "त्ये म्हनले, मला हवं त्ये मी बघितलं. आन मी तर भीत भीत काढली होती रे. लई लहान काढली."

चष्मा काढून तो रडायला लागला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक पायरी चढून आत डोकावलं.

"दुकान बंद हाय," मी त्याच्यावर खेकसलो.