शेजारची रिकामी खाच

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आभाळ भरून आलेलं, पण पडायचं नाव नाही, नुसता उकाडा. असल्या हवेत माझं अंग लवकर तापतं. मी लॅपटॉपच्या पोटातला मेमरीचा तुकडा. लोक मला पट्टी म्हणतात, पण मी आपला म्हातारा गडी. हिरवं अंग, पायाशी सोनेरी दात, ते शाबूत आहेत अजून.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. आठवते ती शिंपीकाकांची खोली. लेक दूर नोकरीला गेली, तेव्हा आईबापांशी बोलायला म्हणून तिनं हा लॅपटॉप घेऊन दिला. काकू पडद्याला इतक्या चिकटून बसत, की लेकीला नुसतं कपाळ दिसे.

"आई, मागं सरक गं."

"सरकते. पण तू वाळलीस किती."

काय दिवस होते ते. काकूंचा शब्द न् शब्द माझ्या अंगावरून जायचा.

त्यातलं एक बोलणं लेकीनं रेकॉर्ड करून ठेवलं. पुढं काकू गेल्या. काका रोज दुकान बंद केलं, की तेच लावून बसत. पण लॅपटॉपची कामं वाढत गेली आणि माझा जीव होता तेवढाच. काकू "अहो" म्हणायच्या आणि तिथंच अडकायच्या. काका उरलेल्या वाक्याची वाट बघत बसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी त्या उकाड्यात काकांनी आम्हाला दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेलं.

"मेमरी कमी पडतेय, काका. जुनी काढून मोठी टाकते."

काकांनी झाकणच मिटलं. "राहू द्या. जुनी काढलीत तर ती जाईल. आवाज आहे तिचा त्यात."

बाई हसल्या नाहीत. "आवाज डिस्कवर असतो, ते कपाट. ही नुसती नावाची मेमरी. मशीन बंद झालं की सगळं विसरते."

"मग मेमरी कशाला म्हणता?"

"नाव मी नाही ठेवलं."

काकांनी झाकणावरून हात फिरवला. "म्हणजे हे कापड बेतायचं टेबल. काम झालं की झाडून मोकळं."

"अगदी तेच."

खरं आहे ते. बंद केलं की माझी पाटी कोरी. माणसांचा लळा तेवढा कसा उरतो, मलाही सांगता यायचं नाही.

बाईंनी तळ उघडला. "इथं एक खाच रिकामी आहे. ह्याच जातीची दुसरी पट्टी शेजारी बसेल. नाहीतर जुनी काढून एकच मोठी घ्या, म्हणजे पुढं वाढवायला जागा राहील. बोला."

काकांनी वाकून मला पाहिलं.

"जुनी राहू द्या. तिचं सगळं बोलणं ह्याच टेबलावरून गेलंय."

नवी पट्टी खटकन शेजारी बसली. अगदी पोरगेली. जन्मभरात मला पहिल्यांदाच सोबत मिळाली. काकांनी तिथंच रेकॉर्डिंग लावलं. काकू "अहो" म्हणाल्या आणि सवयीनं माझा जीव गोळा झाला.

तेवढ्यात शेजारीण हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही काकूंना धरा. बाकीचा पसारा माझ्याकडे द्या."