सावलीत जगायला शिकलेली घाणेरी

मित्रांनो, मढजवळच्या हिरड्याच्या राईतली मी एक जुनी घाणेरी. पानांच्या उग्र वासामुळे मला हे नाव मिळालं. आता वाटतं, ते मला शोभतं.

माझी आई एका बंगल्याच्या कुंपणावरची, पिवळ्या फुलांची, शोभेची. बाप माळावरचा रानटी. दोघांच्या संकरातून झालेलं बी १९९३ साली एका बुलबुलानं राईत टाकलं. तिथं ऊन जमिनीपर्यंत पोहोचतच नसे. माझ्यासोबत रुजलेली भावंडं उन्हावाचून मेली. मी मात्र पानं रुंद आणि पातळ केली, म्हणजे मिळेल तो कवडसा टिपता येईल. दांडे लांबवले, फुलं कमी धरली आणि जगले.

राईशेजारी साळुबाई आणि त्यांचे यजमान कुंडलिकराव राहत. हिरडा गोळा करायचा आणि दोन जनावरं सांभाळायची, हे त्यांचं काम. मी वीतभर असतानाच साळुबाईंनी मला पाहिलं.

"अवो, ही घाणेरी उपटा की!"

"ऱ्हाऊ दे गं. सावलीत ती टिकत न्हाई. आपसूक मरंल," कुंडलिकराव म्हणाले.

मी मेले नाही. दहा वर्षांत मी पसरले. माझ्याखाली हिरड्याची रोपं उगवत, पिवळी पडत आणि मरत. त्यांचा कवडसा मी खात होते. मला ते दिसत होतं, तरी मी थांबले नाही. वाटसरू माझ्या फुलांना "लई भारी" म्हणत आणि मी फुशारत असे.

२००३च्या उन्हाळ्यात माळावरचं गवत करपलं. हिरवी होते ती मीच. साळुबाईंची भुकेली कालवड, ढवळी, राईत शिरली आणि पोटभर माझा पाला खाऊन गेली.

तिसऱ्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले. उन्हानं तिचं पांढरं कातडं फाटू लागलं. जनावरांचे डॉक्टर आले. "हिनं घाणेरी खाल्लीय. हिला आता ऊन सोसायचं नाही, अंधारात बांधा."

साळुबाईंनी गोठ्याला गोणपाटं लावली आणि तिच्या उशाशी बसून राहिल्या. सहाव्या दिवशी ढवळी गेली.

कुंडलिकराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "साळू, तू उपट म्हणली व्हतीस. म्या ऐकलं न्हाई. माजंच चुकलं."

माझा गुन्हा त्या भल्या माणसानं स्वतःवर घेतला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

 साळुबाईंनी कुदळ उचलली. दोघांनी दिवसभर खणून मला मुळासकट काढलं.

पण मित्रांनो, माझी एक फांदी आधीच वाकून पलीकडच्या घळीत रुजली होती. आज मी तिथूनच बोलते आहे. इथं इतका काळोख आहे की त्या दोघांना मी दिसलेच नाही. माझ्या बुडाशी आताच हिरड्याचं एक रोप पिवळं पडतंय. मी तुम्हाला सापडले, तर त्यांना हाक मारा. नुसतं कापू नका, खणून काढा. स्वतःहून थांबणं मला अजून जमत नाही.