आरशातले छप्पन्न जण

गेल्या महिन्याच्या बैठकीत ठराव क्रमांक चौदा एकमताने मंजूर झाला आणि गल्लीतली नवी ख्रिस्ती मंडळी कायमची बंद झाली.

बंदबिंद काहीही झालेली नाही. मंडळी दर रविवारी सकाळी दहाला उपासनेला भरते. खरं म्हणजे सव्वादहाला भरते, आणि ती जिवंत असल्याचा याहून मोठा पुरावा कुणी मागू नये.

तिचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, लिफ्टवाला. बावीस वर्षं त्याने लिफ्टदुरुस्ती केली. मोठ्या मंडळीची चार मजली इमारत होती आणि तिची लिफ्टही तोच बघायचा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे बंद पडली की आत कुणी ना कुणी वडीलधारं अडकायचं, आणि मोटार चालू होईपर्यंत हा दाराच्या फटीतून त्यांना देवाचं वचन सांगून धीर द्यायचा. आतले लोक अगदी मन लावून ऐकायचे. जाणार कुठे? त्यावरून मोठ्या मंडळीच्या कारभारी मंडळाचा समज झाला की या माणसाच्या शब्दांत सामर्थ्य आहे. हळूहळू त्याचाही तोच समज झाला. त्याने टपालाने चालणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, आणि मंडळाने त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी मंडळी सुरू करायला धाडलं.

जाण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. ‘संस्थापक’ या रकान्यात त्याने स्वतःचं नाव घातलं, तेही ठळक. ‘उद्दिष्ट’ या रकान्यात लिहिलं : पहिल्या वर्षी दोनशे, दुसऱ्या वर्षी चारशे, तिसऱ्या वर्षी जागा अपुरी. सोबत एक तक्ता जोडला. त्यात चौकटी होत्या, चौकटींना बाण होते आणि सगळे बाण वर जात होते.

बायकोने तक्ता उलटसुलट करून पाहिला. ती दवाखान्यात औषधं देते, त्यामुळे कुठलाही कागद ती आधी संशयाने वाचते.

“यात देव कुठंय?”

“तो गृहीत धरलाय.”

“बरं,” ती म्हणाली. “मलाही लग्नाआधी असंच गृहीत धरलं होतंत.”

जागा मिळाली ती एका बंद पडलेल्या ब्यूटी पार्लरची. हात थरथरायला लागले म्हणून पार्लरवाल्या मावशींनी धंदा बंद केला होता. जागा त्यांनी एका अटीवर दिली : सामान हलवायचं नाही. सामान म्हणजे केस धुवायचं बेसिन, गोल फिरणाऱ्या सहा खुर्च्या, आणि चारही भिंतींवर जमिनीपासून छतापर्यंत आरसे. पहिल्या रविवारी कुणी आरशांना ओरखडे पाडत नाही ना हे बघायला मावशी आल्या, खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसल्या आणि पुढच्या रविवारपासून येतच राहिल्या. आपण ख्रिस्ती आहोत की चौकीदार आहोत हे त्यांनी अजून जाहीर केलेलं नाही.

खुर्च्यांमध्ये एक खोड होती. त्या पायाने दाबून वर करता यायच्या, पण बसणारा गप्प बसला की हळूहळू आपोआप खाली जायच्या. लांबलेली प्रार्थना संपून डोळे उघडावेत, तर सगळी मंडळी जमिनीलगत गुडघे हनुवटीला लावून बसलेली. लिफ्टवाल्याने अवजारांची पेटी आणली, पण मावशींनी हात लावू दिला नाही. “वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही,” त्या म्हणाल्या. “खाली गेल्याशिवाय मानेवरचे केस नीट कापता येत नाहीत.”

सहा महिन्यांत मंडळी सातावर पोचली. पाळक स्वतः, त्याची बायको, त्याची सासू, मावशी, पहाटेची पाळी संपवून गणवेशातच येणारा बसवाला, आणि शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणी. बसवाला प्रवचनाला वेग आला की नकळत उजवा पाय दाबून ब्रेक मारायचा. बहिणी एका कात्रीवरून भांडून नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघी दोन टोकांना बसायच्या आणि आरशातून एकमेकींवर डोळे वटारायच्या. त्या दोघी नेमाने येत होत्या त्या प्रभूसाठी की आरशासाठी, हे सांगणं कठीण होतं.

सहामाही अहवालासोबत मंडळाला फोटो हवा होता. बसवाल्याने फोन बेसिनच्या नळाला टेकवला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि धावत जाऊन खुर्चीत बसला. लिफ्टवाल्याने फोटो पाठवून दिला.

आठवड्याने चिटणीससाहेबांचं पत्र आलं. चिटणीस हे मंडळाचे कान, डोळे आणि रबरी शिक्का. फोटोतल्या प्रत्येक डोक्यावर पेन्सिलीने ठिपका देत त्यांनी मोजणी केली होती. डोकी त्रेसष्ट. ‘हार्दिक अभिनंदन,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘वयस्कर भगिनींचा प्रतिसाद विशेष दिसतो. सर्वांना एकसारखे लाल स्वेटर देण्याची कल्पना अनुकरणीय आहे. नियमाप्रमाणे पंचवीस सभासदांवर मान्यता मिळते, ती आपणांस देण्यासाठी येत्या रविवारी आम्ही स्वतः येत आहोत. वार्षिक मेळाव्यात आपण ‘वाढ कशी साधावी’ या विषयावर बोलावे.’

लाल स्वेटर एकच होता आणि त्यात सासूबाई होत्या.

“कळवा त्यांना,” बायको म्हणाली.

“मी आकडा कुठे लिहिलाय? मी फक्त फोटो पाठवला.”

“आणि खोटं बोलायचं काम आरशांना दिलं.”

“जावईबापू,” सासू विणता विणता म्हणाली, “मी एवढ्या ठिकाणी एकाच वेळी असते, तर तुमच्या घरात इतका पसारा राहिला नसता.”

त्याने कळवलं नाही. उलट मेळाव्यातल्या भाषणाचे मुद्दे काढायला घेतले. ही गोष्ट लपवून उपयोग नाही, कारण पुढचं सगळं तिथूनच घडलं. पहिला मुद्दा : नेत्याची दृष्टी. दुसरा मुद्दा : नेत्याची चिकाटी. तिसऱ्या मुद्द्याशी आल्यावर त्याला आठवलं की गेल्या रविवारी आशीर्वाद देताना आपण हात उंचावून मागच्या रांगेकडे पाहिलं होतं, आणि मागची रांग आरशात होती. इतकंच नाही. त्या रांगेतला एक माणूस आपल्याकडे फार आदराने बघतोय असं त्याला वाटलं होतं. तो माणूस तो स्वतःच होता.

शुक्रवारी बसवाला येऊन बसला. त्याला सगळं कळलं होतं. त्याने फोटो नीट पाहिला होता.

“काळजी करू नका,” तो म्हणाला. “रविवारी मी गाडी इकडे वळवतो. चौपन्न बसलेले, बारा उभे. मागचं दार बिघडलंय म्हणून सांगेन. तासभर कुणी उतरत नाही.”

लिफ्टवाला नाही म्हणाला, पण नाही म्हणायला त्याला अर्धं मिनिट लागलं. ते अर्धं मिनिट त्याला फार लागलं. अडकलेल्या माणसांपुढे बोलायची सवय होती म्हणूनच तर तो इथवर आला होता.

शनिवारी दुपारी तो एकटा पार्लरमध्ये गेला आणि खुर्चीत बसला. प्रार्थनेसाठी त्याच्याकडे नेहमी मुद्दे असायचे. आज एकही नव्हता. तो गप्प राहिला. खुर्ची उसासा टाकून खाली जायला लागली. आरशांतले सगळे लिफ्टवालेही त्याच्याबरोबर खाली गेले, अगदी एकमताने.

लिफ्ट ज्या खड्ड्यावर उभी असते, त्या खड्ड्यात उतरून काम करण्यात त्याची निम्मी नोकरी गेली होती. तिथे ग्रीस असतं, पाणी असतं, लोकांच्या पडलेल्या चाव्या असतात. डोक्यावर टनभर लोखंड लटकत असतं आणि ते आपण धरलेलं नसतं. ते धरायला वर ब्रेक असतो. खड्ड्यातल्या माणसाने आपलं काम करायचं आणि ब्रेकवर भरवसा ठेवायचा. एखादा नवशिका घाबरून हात वर धरायचा, जणू काही लिफ्ट आली तर हा पेलणारच. त्याला हा लिफ्टवाला ओरडायचा : हात खाली घे, गाढवा, ते तुझं काम नाही.

“सहा महिने झाले,” तो देवाला म्हणाला, “मी हात वर करून उभा आहे.”

उजेड पडला नाही, पडदा हलला नाही. खुर्ची तळाला टेकली, एवढंच. तिथून उठताना त्याला दोन्ही हात जमिनीवर टेकावे लागले, आणि आता आलोच आहोत इथवर, म्हणून तो तसाच बराच वेळ गुडघ्यांवर राहिला.

मग त्याने बायकोला फोन करून पुस्तकांना कव्हर घालायचा तपकिरी कागद मागवला. दोघांनी मिळून चारही भिंती झाकल्या. मावशींनी ओरखडे पडत नाहीत ना हे बघत चिकटपट्टी कापून दिली.

रविवारी सव्वादहाला चिटणीस मंडळाच्या दोन सभासदांसह आले. हातात मान्यतेचं प्रमाणपत्र होतं, चौकटीसकट. त्यांनी खोली पाहिली, मोजलं, पुन्हा मोजलं.

“बाकीचे कुठे आहेत?”

“कागदाखाली,” लिफ्टवाला म्हणाला. “त्रेसष्टातले छप्पन्न आरशातले होते. मला पत्र आलं तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसलो, कारण ऐकायला बरं वाटत होतं.” मग तो मंडळीकडे वळला. “तुमचीही माफी मागतो. तुम्ही सहाजण समोर असताना मी मागच्या रांगेला उपदेश करत होतो.”

सासूने सुया थांबवल्या, आणि असं यापूर्वी फक्त भूकंपात झालं होतं.

चिटणीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा, कबुली दिलीत, चांगलं केलंत. तीन महिने देतो. पंचवीस करून दाखवा. नवा तक्ता द्या, म्हणजे मला मंडळापुढे काहीतरी ठेवता येईल. नाहीतर इथलं बंद करून परत या. लिफ्टही आठवडाभर अडकतेय.”

“तक्ता देणार नाही.”

“मग नुसता आकडा द्या.”

“दोनशे लिहिले तो माझा मूर्खपणा होता. पंचवीस लिहिले तर तोच मूर्खपणा, फक्त स्वस्तातला. कोण येणार ते माझ्या हातात नाही. मी दार उघडीन, झाडीन, वचन सांगीन. माणसं आणणारा दुसरा आहे. त्याने सात आणली. मोजून आणली की विसरून, ते त्याला विचारा.”

“याला नम्रता म्हणत नाहीत, लिफ्टवाले. याला उद्धटपणा म्हणतात.”

“असेल. त्याच्यापुढे गुडघे टेकून झालेत. आता तुमच्यापुढेही टेकायचे तर गुडघे तेवढेच आहेत.”

“अहो, जपून,” बायको हळूच म्हणाली. पण त्याला आवरावं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

“मंडळाने ठराव केला तर उपासना बंद करावी लागेल,” चिटणीस म्हणाले.

“जागा माझी आहे,” खिडकीजवळून मावशी म्हणाल्या. “आणि मी तुमच्या मंडळात नाही. मी यांच्यात आहे.”

हे त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. बोलून झाल्यावर त्यांनाच जरा आश्चर्य वाटलेलं दिसलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून खुर्ची करकरली. आरसे झाकल्यामुळे धाकट्या बहिणीला थोरलीवर डोळे वटारायला काही साधन उरलं नव्हतं. तिने अख्खी खुर्ची फिरवली. थोरलीनेही नेमकी तेव्हाच फिरवली होती. नऊ वर्षांनी दोघी समोरासमोर आल्या.

“म्हातारी दिसायला लागलीस,” धाकटी म्हणाली.

“तू कोणती कोवळी राहिलीस,” थोरली म्हणाली. मग थोडं थांबून : “ती कात्री माझ्याकडेच आहे.”

“ठाऊक आहे मला.”

बसवाल्याने गाणं सुरू केलं, कारण कुणीतरी काहीतरी करणं भाग होतं. सूर खूप वर लागला होता, पण आता माघार नाही म्हणून सगळ्यांनी तोच उचलला. चिटणीसांबरोबरचे दोघेही गायले. चिटणीस दुसऱ्या कडव्यापर्यंत उभे राहिले आणि मग पिशवी घेऊन निघून गेले.

ठराव महिन्याभराने पोचला, शिक्क्यासकट. सोबत एक फॉर्म होता : ‘मंडळी बंद केल्याबाबत संस्थापकाची संमती’. तळाशी सहीची रेघ.

लिफ्टवाल्याने तो उपासनेआधी सगळ्यांना वाचून दाखवला. बसवाल्याने विचारलं, बंद म्हणजे आजपासून की पुढच्या रविवारपासून. थोरली म्हणाली, कधीपासूनही असो, आधी प्रार्थना उरकून घेऊ. प्रार्थना झाली, खुर्च्या तळाला गेल्या, सगळे एकमेकांना हात देत उठले. मग लिफ्टवाला बेसिनच्या कडेवर कागद ठेवून उत्तर लिहायला बसला. बायको बाजूला उभी राहून ‘सविनय’ आणि ‘तरी’ कुठे घालायचं ते सांगत होती.

‘मा. चिटणीस यांस सविनय सादर. आपला ठराव क्रमांक चौदा मिळाला. सदर मंडळी बंद करण्यास संस्थापकाची संमती हवी, असे आपण कळवले आहे. मूळ फॉर्ममध्ये संस्थापक म्हणून माझे नाव आहे, ती माझी चूक होती व तिच्याबद्दल मी दिलगीर आहे. ही मंडळी मी सुरू केलेली नाही, त्यामुळे ती बंद करण्याचा मला अधिकार नाही. तरी त्या रकान्यातील माझे नाव खोडून तेथे देवाचे नाव लिहावे, सोबतचा फॉर्म मंडळाच्या खर्चाने थेट त्यांच्याकडे पाठवून त्यावर त्यांची स्वहस्ते सही, तारीख व सध्याचा पत्ता घ्यावा, आणि साक्षांकित प्रत आमच्या माहितीसाठी दोन प्रतींत पाठवावी, ही नम्र विनंती.’