राज्यपालांचं अक्षर

“इथे काय लिहिलंय, आजी?”

म्हातारीचं बोट ओळीच्या मध्यावर थांबलं होतं. सकाळपासून ते कुठेच थांबलं नव्हतं. ती वाचत सुटायची आणि टायपिस्ट तिच्यामागे धापा टाकत टाइप करायची.

“आजी?”

“पुसट आहे,” म्हातारी म्हणाली.

टायपिस्टने वाकून पाहिलं. शाई चांगली ठसठशीत होती. पण ठसठशीत असून उपयोग काय? माजी राज्यपालांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. वर रेघ नाही, शब्द कुठे संपतो त्याचा पत्ता नाही. त्यांची सगळी खासगी आणि राजकीय कागदपत्रं अभिलेखागारात येऊन दोन वर्षं झाली होती. त्यातल्या एकोणीस डायऱ्यांपुढे शिकलेसवरलेले लोक भिंगं लावून बसले आणि हात टेकून उठले. मग कोणाला तरी आठवलं, साहेबांच्या बंगल्यावर एक स्वयंपाकीण होती. साहेब रोज सकाळी स्वयंपाकघरात चिठ्ठी पाठवायचे. किती माणसं जेवायला, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. म्हातारी शाळेत गेली ती जेमतेम तिसरीपर्यंत. पुढचं सगळं वाचन तिने त्या चिठ्ठ्यांवर केलं. छापील अक्षर तिला अजूनही परक्या माणसासारखं वाटे. साहेबांचं मात्र एका हाताने झाकण उचलता उचलता वाचून व्हायचं.

“तुम्ही म्हणाल ते खरं, आजी,” अभिलेखागाराचा चष्मेवाला अधिकारी पहिल्याच दिवशी म्हणाला होता. “उद्या म्हणालात की साहेबांनी आख्खा बंगला तुमच्या नावावर केलाय, तरी आम्हाला मुकाट लिहून घ्यावं लागेल.”

“बंगला नको. झाडता झाडता कंबर मोडते,” ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते.

आज तोच विनोद तिच्यावर उलटला. कारण बोटाखाली लिहिलं होतं: ‘ड्रायव्हरला आज काढले. त्याने काही केले नव्हते. ते पत्र मीच वर्तमानपत्राला दिले.’

तो ड्रायव्हर तिचा नवरा.

मुख्यमंत्र्यांचं खासगी पत्र साहेबांच्या बॅगेतून बाहेर गेलं, छापून आलं, आणि सरकार पडलं. बॅग गाडीत ठेवणारा हात नवऱ्याचा, म्हणून नाव त्याचं. पुढे कोणी त्याच्या हातात साधा टेम्पोही दिला नाही. एका गोदामावर पहारा करत तो मेला. साहेबांनी तिला मात्र ठेवून घेतलं. “बाईचा काय दोष?” असं ते चारचौघांत म्हणाले होते. त्या एका वाक्यावर ती अकरा वर्षं रांधत राहिली. घरी नवऱ्याने तोंड उघडलं की ती सुनावायची, “साहेब आहेत म्हणून चूल पेटतेय.” नवरा तोंड मिटायचा.

“ही डायरी ठेव बाजूला,” ती टायपिस्टला म्हणाली. “दुसरी काढ.”

घरी मुलाच्या ताटात वाढता वाढता तिने सांगून टाकलं. “तुझ्या बाबांनी ते पत्र दिलं नव्हतं. साहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.”

मुलाचा घास हातातच राहिला. पन्नाशीचा माणूस, पण शाळेत ‘चोराचा पोरगा’ म्हणून खाल्लेला मार विसरला नव्हता.

“वाचलं कोणी?”

“मी.”

“तू,” मुलगा म्हणाला. “आख्ख्या जगात ते अक्षर वाचणारी तू एकटी, आणि निघालं काय, तर तुझा नवरा निर्दोष. मी मानतो गं, आई. लोक काय म्हणतील?”

“जेव मुकाट्याने,” ती खेकसली. कारण तो खरं बोलला होता.

दुसऱ्या दिवशी तिने टायपिस्टपुढे खुर्ची ओढली. “आजपासून मी सांगणार नाही. तू वाचायचं. चुकलीस तर मी आहे.”

“आजी, मी एम.ए. आहे.”

“म्हणूनच अडलंय तुझं.”

शिकवणी सुरू झाली. साहेबांचा ‘त’ कसा पाय मुडपून बसतो, घाईत असले की मात्रा कशी पुढच्या अक्षरावर जाऊन पडते, रागावले की शाई कशी पसरते. म्हातारीला एका जागी बसवेना. उठायची, खिडकीशी जायची, पाणी प्यायची, परत यायची. टायपिस्टचं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं, आणि पोरगी एका पानाला तास लावत होती.

“काम मंदावलंय,” अधिकारी कुरकुरला.

“मी उद्या मेले तर एकदम बंदच पडेल. ते चालेल का?”

तो निघून गेला.

तीन आठवड्यांनी टायपिस्ट बऱ्यापैकी वाचू लागली. कंत्राटाचे चार दिवस उरले होते. म्हातारीने ती बाजूची डायरी स्वतः तिच्यापुढे सरकवली आणि हात पदराखाली घेतले.

“ड्रायव्हरला आज... काढले,” टायपिस्ट वाचू लागली. “त्याने का... का...” तिने वर पाहिलं. “आजी, हे काय आहे?”

तीन आठवडे तिचा शब्द अडला की म्हातारीच्या तोंडून उत्तर आपसूक बाहेर पडायचं. आता तिने दात घट्ट आवळले.

“मला काय विचारतेस? एम.ए. तू.”

टायपिस्टने मागची पानं चाळली, अक्षराशी अक्षर ताडून पाहिलं. वेळ जात होता. दाराबाहेर कोणीतरी कपाट सरकवत होतं.

“काही केले नव्हते,” ती अखेर म्हणाली. “त्याने काही केले नव्हते. ते पत्र मीच... वर्तमानपत्राला दिले.” मग ती उठली आणि अधिकाऱ्याला बोलावून आली.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, टायपिस्टला शब्द न् शब्द बोट ठेवून दाखवायला लावलं, दोनदा. “हा ड्रायव्हर म्हणजे...” तो म्हातारीकडे वळला. “तुम्ही वाचलंत का हे?”

“मी तिसरी शिकलेली बाई. तिने वाचलंय, तिला विचारा.”

त्याने चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग टायपिस्टला म्हणाला, “जसंच्या तसं घ्या. खाली वाचणाऱ्याचं नाव तुमचं घाला.”

तो गेल्यावर टायपिस्टने पान उलटलं. पुढची तारीख, दोनच ओळी, घाईने खरडलेल्या. ती डोळे बारीक करून पाहत राहिली.

“हे नाही लागत, आजी.”

म्हातारीने पदराखालून हात काढला आणि बोट ओळीवर ठेवलं. “लिही, मी सांगते,” ती म्हणाली. “रात्री आठ माणसे जेवायला. बाईंनी स्वयंपाक नेहमीसारखाच उत्तम केला.”