म्हातारी बसली

औषधांच्या त्या मोठ्या गोदामात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे त्याला ‘तळघर’ म्हणत. ‘तळघरला फोन लावा.’ ‘तळघर काय म्हणतंय?’ ‘तळघरानं अजून उचलला नाही का?’ अहो, माणूस आहे की जागा? पण त्याला त्याचं काही वाटत नसे, निदान तसं तो दाखवत तरी नसे. तळघरात सर्व्हरची खोली होती आणि तिथल्या यंत्रांची उस्तवार करायला तो एकटा होता. खोलीला खिडकी नव्हती. यंत्रं तापू नयेत म्हणून बारा महिने गार हवा सोडलेली, त्यामुळे वर माणसं घामानं निथळत असली तरी हा आपला तपकिरी स्वेटर घालून बसलेला.

त्याचं काम तसं कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे दिसतं ते सगळ्यांना ठाऊक असतं; पण त्याच्या मागे कितीतरी सर्व्हिसेस गुपचूप चालू असतात. एक मेल पोचवते, एक मालाच्या साठ्यावर नजर ठेवते, एक छपाईचं बघते. त्या चालू असतात तोवर कुत्रं विचारत नाही. एखादी अडली की मात्र सगळ्या इमारतीत बोंब. मग हा काळ्या पडद्यावर एक छोटीशी कमांड टाईप करणार, अडलेली सर्व्हिस थांबवणार, पुन्हा चालू करणार, आणि परत सगळं सामसूम. ‘झालं’ असं सांगायला यानं फोन केला तर पलीकडचा म्हणायचा, ‘हो हो, कळलं,’ आणि ठेवून द्यायचा.

घरी तरी काय वेगळं होतं? कुलूप उघडणारा हाच आणि आतून कडी लावणाराही हाच. परगावची ताई सुट्टीच्या दिवशी फोन करायची. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ ‘कुणाकडे जातोस-येतोस की नाही?’ ‘जातो की.’ ‘कुणाकडे?’ असं तिनं विचारलं की याला लगेच गॅसवरचं दूध आठवायचं. ताई काय दूधखुळी होती? पण ती बिचारी गप्प बसायची.

आता या सगळ्यात एकच फोन असा होता की तो वाजला की याचा चेहरा उजळायचा. लेबलं छापणाऱ्या सर्व्हिसचा.

ती सर्व्हिस जुनी होती आणि तिला एक खोड होती. छापून झालेली लेबलं ती विसरतच नसे. सगळी आपली मेमरीत साठवून ठेवायची, आणि चार-सहा दिवसांत जड होऊन जागच्या जागी बसायची. बसली तरी बंद पडायची नाही हं! वरून बघाल तर चालू, आत मात्र ढिम्म. मग वर माल रवाना करणाऱ्या डिस्पॅचमध्ये प्रिंटर मुका व्हायचा, भरलेली खोकी लेबलांवाचून तशीच पडायची, फाटकात गाड्या उभ्या राहायच्या, आणि डिस्पॅचवाल्या बाई तळघरला फोन करायच्या.

“तळघर, अहो म्हातारी बसली हो परत!”

‘म्हातारी’ हे नाव त्यांनीच ठेवलेलं. “उठवतो,” हा म्हणायचा आणि कमांड टाईप करायचा. पण म्हातारी काही झटक्यात उठणारी नव्हती. उठताना सगळ्या औषधांची यादी पहिल्यापासून वाचून काढायची, तेवढा वेळ दोघांनाही फोन धरून बसावं लागे. खरं तर बाईंना बसायची गरज नव्हती. पण पहिल्यांदाच त्या म्हणाल्या होत्या, “ठेवू नका, उठली की इथूनच सांगते,” आणि तीच रीत पडून गेली.

त्या वेळात बोलणं व्हायचं. बाईंच्या सासूबाईंचा गुडघा, मुलीनं स्वतःच्याच हातानं कापलेले केस, डब्यात झाकणाबाहेर सांडलेली भाजी. हा मात्र एकच गोष्ट विचारायचा. “बाहेर काय आहे आज?” बाईंच्या टेबलाशेजारी खिडकी होती. खुर्ची करकरायची, त्या मान वळवून बघायच्या आणि सांगायच्या. “आभाळ आलंय, पण पडेलसं वाटत नाही.” “वारं सुटलंय नुसतं, फाटकावरच्या माणसाची टोपी उडाली बघा आत्ता!” आणि ऊन असलं की शेवटी हमखास, “ऊन आहे हो चांगलं. जाताना तो स्वेटर काढून जा, नाहीतर लोक हसतील.” त्यांनी तो स्वेटर कधी बघितला नव्हता, नुसता याच्या तोंडून ऐकला होता. हा मागच्या उतारावरून यायचा, त्या पुढच्या दारानं. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण संध्याकाळी बाहेर पडताना हा स्वेटर काढायचा की ठेवायचा ते बाईंच्या सांगण्यावर ठरवायचा.

एका दुपारी निवांत बसला असताना त्याला म्हातारीच्या दुखण्याचं मूळ सापडलं. इलाज एका ओळीचा होता. गाडी सुटली की त्या गाडीची जुनी लेबलं मेमरीतून काढून टाक, एवढंच सांगायचं होतं तिला. त्यानं ती ओळ टाईप केली. केली, आणि बोट तसंच राहिलं. म्हातारी कायमची धडधाकट झाली तर फोन कोण करणार? त्यानं ती ओळ पुसून टाकली आणि स्वतःशीच म्हणाला, बघू सावकाशीनं, कुणाचं काय अडलंय? लेबलंच तर आहेत. माणूस स्वतःला गंडवायला बसला की त्याचा हात कोण धरणार!

अडलं होतं, पण ते याला कळायला वेळ लागला. एकदा बाईंचा फोन आला तो नेहमीसारखा नव्हता.

“म्हातारी बसली,” त्या म्हणाल्या, आणि पुढे ‘हो’ नाही की ‘परत’ नाही.

“उठवतो. काय झालं?”

“काय व्हायचंय? साहेबांनी बोलावलं होतं. गाड्या उशिरा सुटतात म्हणे, आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर. मी म्हटलं, लेबलंच येत नाहीत. तर त्यांनी आपला पडदा माझ्याकडे फिरवला. सगळ्या सर्व्हिसेससमोर हिरवे ठिपके. म्हणाले, मशीन चालू आहे बाई, तुम्हीच बंद पडताय.” त्या हसल्या, पण ते काही हसणं नव्हतं. “महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर शहराबाहेरच्या गोदामात टाकणार. तिथं गेले तर घरी पोचायला रात्र होईल. पोरीला शाळेतून कोण आणणार? सासूबाईंना जिना उतरवत नाही. मग नोकरीच सोडावी लागेल.”

तो हिरवा ठिपका नुसता सर्व्हिस चालू आहे का एवढंच बघायचा. ती काम करते आहे का हे बघतच नव्हता. हे त्याला माहीत होतं, साहेबांना नव्हतं, आणि तळघराला विचारायचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यानं म्हातारी थांबवली. ती चालू करायच्या आधी ती एक ओळ टाईप केली, आणि या वेळी पुसली नाही. मग रीस्टार्ट.

“आज जरा वेळ लागतोय का?” बाईंनी विचारलं.

“हो, जरा,” तो म्हणाला. वेळ तेवढाच लागत होता. “बाहेर काय आहे?”

“काय असणार? मळभ आहे.” मग मागे प्रिंटरची खडखड सुरू झाली. “उठली बाई एकदाची! ठेवते हं, गाडी खोळंबलीय.”

त्यानंतर डिस्पॅचचा फोन आला नाही. म्हातारी तुरुतुरु चालू लागली होती. तो रोज सकाळी तिची मेमरी बघायचा. ती हलकी ती हलकीच. छान झालं, तो स्वतःला म्हणायचा, आणि जेवणाचा डबा फोनच्या बाजूला ठेवून जेवायचा. बाहेर ऊन की पाऊस, काही पत्ता नाही. एकदा स्वेटर घालूनच घरी निघाला तर फाटकावरचा माणूस म्हणाला, “काय हो, ताप आलाय का?” ताईचा फोन आला तेव्हा ती ‘जेवलास का’च्या पुढे जायच्या आतच यानं दूध उतू घालवलं.

वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण बाईंची नोकरी वाचली हे मोठं, असं तो मानून चालला होता. ते तसं नव्हतं.

एक दिवस साहेब आपला लॅपटॉप घेऊन खाली आले. थंडीनं हात चोळत मोठ्या खुशीत होते. “बघितलंत का तळघर? गाड्या कशा घड्याळाबरहुकूम सुटतायत! डिस्पॅचच्या बाईंना एकदा दम दिला आणि सुतासारख्या सरळ आल्या. म्हणजे जमत होतं हो, करायचं नव्हतं! असली माणसं कामाची नाहीत. पाठवतोय त्यांना बाहेरच्या गोदामात. कागद तयार आहे, उद्या सही करतो.”

साहेब गेले आणि हा बसून राहिला. करायला गेलो काय आणि झालं काय! म्हातारी बसत होती तेव्हाही दोष बाईंचा, आणि आता नीट चालतेय तर त्यांचा दोष पक्का झाला. यानं गुपचूप केलेला इलाजच बाईंच्या मुळावर उठला होता. गप्प राहिलं तर याचं काहीच बिघडणार नव्हतं. वर जाऊन बोललं तर बाईंना सगळं कळणार, आणि मग त्या या माणसाशी पुन्हा कशाला बोलतील? जिना चढताना त्याच्या मनात नोकरीचा विचारही नव्हता. हाच होता.

“साहेब, लेबलांची सर्व्हिस अडकत होती,” तो दारातूनच म्हणाला. “ठिपका हिरवा दिसतो, पण आत काम बंद असतं. बाई खरं सांगत होत्या. आता चालतेय ती मी दुरुस्त केली म्हणून. दुरुस्ती मला आधीच माहीत होती. मी केली नाही.”

साहेबांनी मान वर केली. “माहीत होती? मग केली का नाही?”

आता काय सांगणार, कपाळ! “ती अडकली की फोन यायचा,” तो म्हणाला.

“कुणाचा फोन?”

“डिस्पॅचचा. कामापलीकडे बोलायला मला दुसरा कुणाचा येत नाही, साहेब. तेवढाच यायचा.”

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. शेवटी ते रागावले, ते सोपं होतं. वेड लागलंय का, काढून टाकीन, हे सगळं लेखी द्या. बरंच काही बोलले. पण बाईंचा कागद त्यांनी याच्यासमोर फाडला. याच्या नावची लेखी समज मात्र त्याच दिवशी निघाली.

तिथून तो डिस्पॅचमध्ये गेला. बाई त्याच्या मनात उंच होत्या, का कोण जाणे. प्रत्यक्षात त्या ठेंगण्या निघाल्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, कोपराला एक लेबल चिकटलेलं. त्यांनी वर न बघताच सांगितलं, “गाडी लागली नाही अजून. ड्रायव्हरनी बाहेर थांबायचं.”

“मी तळघर.”

“अगं बाई! तुम्ही?” त्या गडबडीनं उठल्या, आणि लगेच प्रिंटरकडे बघितलं. “म्हातारी बसली का?”

“नाही. आता बसणार नाही ती.” आणि त्यानं सगळं सांगून टाकलं, साहेबांना सांगितलं तसंच, काही न लपवता.

बाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग लाल झाला.

“मी घरी जाऊन रडत होते हो,” त्या म्हणाल्या. “रोज. मलाच जमत नाहीये असं वाटून रडत होते. आणि तुम्ही खाली बसून मला विचारत होता, बाहेर काय आहे!”

तो त्यांच्या कोपरावरच्या लेबलाकडे बघत राहिला.

“बोलायचं होतं तर फोन करायचा होता! सरळ उचलायचा आणि करायचा! मी काय उचलला नसता?” त्यांचा आवाज फाटला. पॅकिंगवाले वळून बघायला लागले तेव्हा त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि खोक्याला लेबल लावायला घेतलं. ते वाकडं लागलं. काढून पुन्हा लावलं. हा जिना उतरून खाली आला. खिडकी अगदी शेजारी होती, पण तिच्यातून बाहेर बघायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

मग पुन्हा सामसूम. मेल पोचत होती, साठा जुळत होता, म्हातारी चालत होती. त्याच्या टेबलावरचा फोन आजवर फक्त वाजायचा; त्यावरून यानं कामाशिवाय कुणाला फोन लावलाच नव्हता. बाईंचं ते वाक्य रोज त्याच्या कानात घुमायचं. रोज तो रिसीव्हरवर हात ठेवायचा, आणि रोज घाम पुसून हात काढून घ्यायचा. त्या गार खोलीत, स्वेटर घालून, घाम!

आणि एक दिवस त्यानं लावला.

“डिस्पॅच.”

“मी तळघर.”

पलीकडे प्रिंटर खडखडत होता. “काय बिघडलं?” बाईंनी विचारलं. आवाज कोरडा होता.

“काही नाही. सगळं चालू आहे.”

“मग?”

“बाहेर काय आहे आज?”

बाई आता ठेवतील, त्याला वाटलं. त्यांनी ठेवला असता तर त्यानं तक्रार केली नसती. प्रिंटरची खडखड चालूच होती. मग खुर्ची करकरली, मान वळवताना करकरायची तशी.

“ऊन,” बाई म्हणाल्या. जरा थांबल्या. “पण सावलीत गार आहे अजून. स्वेटर राहू द्या.”

आणि त्यांनी फोन ठेवला.