थांबा, सांगते

"हॅलो? कोण? अहो, कोण बोलतंय? तोंडात गुळणी धरलीय का?" नवऱ्याने मोबाइल कानापासून दूर धरला, डोळे वटारून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानाला लावला. "हे बघा, बाईमाणसाचा नंबर मिळाला की असले धंदे करणाऱ्यांना मी चांगला ओळखतो. पुन्हा फोन आला ना, तर थेट पोलिसांत देईन. समजलं?"

ती कपडे पिळता पिळता ओल्या हातांनी धावत आली, तोवर फोन बंद झाला होता.

"कोणी नव्हतं," तो म्हणाला. "नुसता श्वास ऐकू येत होता. मवाली मेला."

"म... म..." तिचे ओठ एकमेकांवर घट्ट मिटले आणि सुटेनात.

"मला द्या, असंच ना? घे बाई, तुझाच फोन आहे." त्याने मोबाइल तिच्या ओल्या हातात ठेवला आणि गॅसवर दूध ठेवायला वळला.

तिला म्हणायचं होतं, 'मवाली नव्हता तो.'

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि या पंचवीस वर्षांत तिची किती वाक्यं अशी भलत्याच गावाला जाऊन पोहोचली होती, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. नवरा वाईट नव्हता. उलट तिच्यावर त्याचा भारी जीव. गाद्या-सोफ्यांच्या मोठ्या दुकानात तो विक्रेता होता. नुसता वारा खायला आत शिरलेल्या गिऱ्हाइकाकडून पाठदुखीचा सगळा इतिहास वदवून घ्यायचा आणि त्याला डबल गादीसकट घरी पाठवायचा. बायको बोलताना अडखळते हे त्याने पहिल्याच भेटीत पाहिलं होतं आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की हिला आता बोलायचे कष्ट पडू द्यायचे नाहीत. डॉक्टरकडे तिचं दुखणं तोच सांगायचा. दुकानात तिच्या चपलेचं माप तोच सांगायचा. तिने तोंड उघडलं, की पुढचा शब्द हा हजर. लोक म्हणायचे, काय नवरा मिळालाय! तीही मान हलवायची.

शाळेत तिला 'किक' म्हणायचे. जुनी स्कूटर थंडीत कितीही किका मारल्या तरी चालू होत नाही, तशी ही. मोठी झाल्यावर ती शब्द चुकवायला शिकली. 'क' अडतो, मग कॉफी मागायचीच नाही, चहा सांगायचा. अडेल असं वाटलं की वाक्य आधीच दुसऱ्या गल्लीतून न्यायचं. स्वतःच्या नावाला मात्र गल्ली नसते. ते विचारलं, की तेच सांगावं लागतं. म्हणून ती नवी माणसं टाळायची.

एका हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये तिची नोकरी होती. हात हलका. आधी ती समोरच्या खोलीत बसून रक्त काढायची. मग एक दिवस एका पेशंटच्या रक्तात पोटॅशियम इतकं वाढलेलं निघालं, की वॉर्डला लगेच फोन करणं भाग होतं. तिने फोन केला. पलीकडून "हॅलो, हॅलो" झालं. हिच्या घशातून आवाज फुटेना. पलीकडच्या नर्सने ठेवून दिला. दुसऱ्यांदाही तसंच. तेव्हा रिपोर्ट हातात घेऊन ती जिने चढत वरच्या वॉर्डपर्यंत पळाली. पेशंट वाचला. दुसऱ्या दिवसापासून फोन एका नव्या मुलीकडे गेला आणि तिला मागच्या खोलीत मशीनपाशी बसवलं. "तुमच्याच सोयीसाठी," साहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी तिने ब्लॉग सुरू केला. नाव ठेवलं, 'थांबा, सांगते'. पहिल्याच लेखात तिने फोनवर न फुटलेल्या त्या आवाजाबद्दल लिहिलं. पुढे शाळेबद्दल, चहाबद्दल, नावाबद्दल. लिहिताना एक शब्द अडायचा नाही. वाचणाऱ्यांचा आकडा हळूहळू चढत गेला, शंभर झाले, दोनशे झाले, पण त्या दोनशेंपैकी कुणी चकार शब्द लिहीत नव्हतं.

"ते आकडे खरे नसतात गं," नवरा म्हणायचा. "मशीनच वाचतात एकमेकांना."

शेवटी तिने एक दिवस लिहिलं: "तुम्ही येता, वाचता आणि पावलं न वाजवता निघून जाता. मला तुमची चाहूल लागते. मी कोण ते तुम्हाला ठाऊक आहे, आता तुम्ही सांगा. नाव काय, करता काय, कुठलं अक्षर अडतं. एवढी ओळख तरी करून द्या."

आठवडाभर काही नाही. मग निनावी दोन ओळी आल्या: "ताई, लिहून सांगितलं तर ती ओळख कसली? चिठ्ठी लिहून काम भागवणं तर मी आयुष्यभर करतोय."

तिने ते दोनदा वाचलं. आणि जे तिने सात जन्मांत केलं नसतं ते केलं. खाली आपला मोबाइल नंबर लिहिला. "रोज संध्याकाळी सहा ते सात. अडखळलात तरी चालेल. काहीच बोलता आलं नाही तरी चालेल. मी फोन ठेवणार नाही."

आणि फोन यायला लागले. दुसऱ्या कुणाला ते मुके वाटले असते. तिला नाही. जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा बारीक आवाज, मध्येच कोंडलेला श्वास, हे सगळं ती आतून ओळखत होती. ती म्हणायची, "आ-आहे मी. सावकाश." आणि बसून राहायची. कोर्टातल्या एका टायपिस्ट बाईंनी पाच मिनिटं घेऊन नाव सांगितलं आणि मग हसत सुटल्या. एका चित्रकलेच्या मास्तरांनी सांगितलं. एक माणूस मात्र रोज फोनवर यायचा आणि पहिल्या अक्षरावरच थांबायचा. "भ... भ..." आणि फोन बंद.

"आला का तुझा 'भ'?" नवरा विचारायचा. "भच्या बाराखडीतलं काही बोलायचा विचार दिसतोय त्याचा!" आणि स्वतःच्याच विनोदावर खो-खो हसायचा.

पण कालच्या फोनवर तो माणूस 'भ'च्या पुढच्या अक्षरापर्यंत आला होता. अर्धं नाव बाहेर पडलं होतं.

आणि आज सहाला थोडा अवकाश असतानाच त्याचा नेहमीच्या लपवलेल्या नंबरवरून फोन आला होता, आणि त्याला पोलिसांची धमकी मिळाली होती.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. मोबाइल अजून ओल्या हातातच होता. "त-तुम्ही त्याला हाकललंत."

"अगं, मला काय स्वप्न पडलं होतं? फोन वाजला, तू नव्हतीस. घरातल्या बाईला कुणी असं..."

"तुम्ही म-माझं..."

"तुझं भलंच बघतो मी. माहीत आहे ना तुला?"

तिने हात ओट्यावर आपटला. डबे खणखणले. "नाही! ते न-नव्हतं म्हणायचं."

तो दचकला. तिचा आवाज एवढा चढू शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं. "मग काय म्हणायचंय?"

"थांबा. सांगते."

तो थांबला. त्याच्या मागे दुधाला साय धरू लागली होती. तिचा जबडा थरथरला, मान एका बाजूला ओढली गेली, डोळे मिटले. त्याचे ओठ सवयीने हलले, शब्द तयारच होता. तिने बोट वर केलं. दूध चढायला लागलं. तो गॅसकडे वळणार तेवढ्यात ती म्हणाली, "उ-उतू जाऊ दे."

दूध फसफसत भांड्याबाहेर आलं, बर्नरवर चरचरलं. सगळ्या घरात करपट वास पसरला. नवरा हात बांधून उभा राहिला आणि ती बोलली. किती वेळ लागला कोण जाणे, पण आख्खं वाक्य बोलली, एकही शब्द गल्लीतून न नेता.

"लग्न झाल्यापासून तुम्ही माझी वाक्यं पुरी करता. त्यातली निम्मी च-चुकीची असतात. आणि मला कॉफी आवडते."

"कॉफी?" तो म्हणाला.

"कॉफी."

त्याने गॅस बंद केला. फडका घेऊन ओटा पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "लोक थांबत नाहीत गं. बँकेत, दुकानात, कुठेच. तुझ्याकडे बघून हसतात. मला नाही बघवत ते. म्हणून मी पटकन..."

"आधी तुम्ही थांबा. म-मग लोकांचं बघू."

त्याने फडका पिळला आणि बर्नर पुसायला घेतला.

त्याच रात्री तिने ब्लॉगवर लिहिलं: ज्यांना आज माझ्या घरातून ओरडा बसला त्यांनी कृपा करून पुन्हा फोन करावा, चूक आमची आहे. तिने वाट पाहिली. दुसरे फोन आले. 'भ'चा आला नाही. नंबर लपवलेला असल्यामुळे तिला उलट फोनही करता येईना. सहा वाजले की नवरा स्वतःच मोबाइल आणून तिच्यासमोर ठेवायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचा. सातला डोकावून विचारायचा, "आला?" ती नकाराची मान हलवायची. तो पुन्हा गॅलरीत जायचा.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये असाच एक घातक आकडा निघाला. फोनवरची मुलगी उठायच्या आत हिने रिसीव्हर उचलला. "ठ-ठेवू नका," ती म्हणाली, "लॅबमधून बोलतेय." आणि आकडा सांगितला, पेशंटचं नाव सांगितलं, पलीकडच्या डॉक्टरकडून ते पुन्हा वदवून घेतलं.

साहेब काचेआडून पाहत होते. "बाई, त्यात थोडा वेळ जातो ना," ते म्हणाले.

"हो. थ-थोडा जातो. जिने चढण्यापेक्षा कमी." आणि दुसरा फोनही तिनेच उचलला.

त्यानंतर तिने सगळ्यांना बोलवायचं ठरवलं. सार्वजनिक वाचनालयाच्या वर एक सभेची खोली भाड्याने मिळत असे. रविवार, चार ते सहा. तिने लिहिलं: "आता समोरासमोर. भाषण नाही, उपचार नाही, व्यायाम नाही. फक्त ओळख. आपापलं नाव आपल्या तोंडाने सांगायचं, लागेल तेवढा वेळ घ्यायचा. कुणीही कुणाचा शब्द पुरा करायचा नाही."

"कोण येणार?" असं नवरा या वेळी म्हणाला नाही. म्हणाला, "मी आलो तर चालेल?"

"या. पण ग-गप्प बसायचं."

रविवारी त्याने खुर्च्या गोल मांडल्या. चारला कुणी नव्हतं. मग जिन्यात पावलं वाजली, थांबली, परत खाली गेली, पुन्हा वर आली. दारात कोर्टातल्या टायपिस्ट बाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे चित्रकलेचे मास्तर. एक दाढीवाला ट्रकचालक, दारातून वाकूनच आला. एक कुलूप दुरुस्त करणारा. कॉलेजातली एक मुलगी, आईचा हात धरून. बघता बघता गोल भरत आला. 

सुरुवात तिने केली. स्वतःचं नाव. पहिल्या अक्षरावर इतकी अडली, की खिडकीवर बसलेलं पाखरू उडून गेलं, पुन्हा येऊन बसलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही. कुणी कौतुकाने मानही डोलावली नाही. सगळे नुसते तिच्याकडे पाहत राहिले. नाव आलं, मागून आडनावही आलं. मग ती खाली बसली. पाठ घामाने भिजली होती.

शेजारी नवरा. त्याने एका दमात नाव, गाव, दुकान आणि गाद्यांची दहा वर्षांची वॉरंटी सांगून टाकली.

सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. मग मास्तर गंभीरपणे म्हणाले, "तु-तुम्हाला उपचाराची ग-गरज आहे." खोलीत असा हशा उसळला, की ट्रकचालकाची खुर्ची करकरली. नवराही हसला. कान लाल झाले होते त्याचे.

ओळख पुढे सरकत राहिली. प्रत्येक पुरुष तोंड उघडायचा तेव्हा ती पुढे वाकून पहिलं अक्षर ऐकायची. र आला, स आला, ज आला. भ आला नाही. शेवटचा पुरुष बोलून झाला तेव्हा ती मागे टेकली आणि क्षणभर डोळे मिटून बसली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. 

सहा वाजले, तेव्हा खोलीचा व्यवस्थापक किल्ल्यांचा भलामोठा जुडगा वाजवत दारात आला. "चला, वेळ झाली. मीटिंग आटपा."

नवऱ्याने समजावायला तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्चीच्या दांड्यावरची त्याची बोटं तेवढी हलली.

ती उठून उभी राहिली. "मीटिंग स-सुरूच व्हायचीय," ती म्हणाली. "अजून ओ-ओळख चालू आहे."

"दोन तास नुसती ओळखच चाललीय? बाई, मला खाली कुलूप लावायचंय."

"ला-लावाल. आधी हिचं नाव ऐका."

गोलाच्या शेवटी कॉलेजातली मुलगी उभी होती. तिचे ओठ आवळलेले, मान मागे गेलेली. आई खुर्चीत पुढे सरकली होती, शब्द तिच्या अगदी जिभेवर होता, पण तिने पदर तोंडाशी धरला होता. मुलीने व्यवस्थापकाकडे पाहिलं. खाली बसली नाही. पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.

व्यवस्थापकाने सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. त्याने दाराला खांदा टेकवला आणि किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट आवळून धरला, वाजू नये म्हणून.