सही करणारीची जागा

“ताई, उत्तर आलं का?” न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून दुकानातूनच विचारलं.

बाई रस्त्यानं चालल्या होत्या, त्या थांबल्या. “नाही अजून. वरून आलं की लगेच सांगते.”

“बरं, बरं.” न्हाव्यानं वस्तरा पुन्हा चालू केला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, “तुमची दाढी मात्र आजच होणार हो. हिला वरची परवानगी लागत नाही.”

गिऱ्हाईक फेसाआडून हसलं. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे निघाल्या. पण कान गरम व्हायचे ते झालेच.

गावात त्यांना सगळे तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे वरूनबाई. हे बारसं कोणी केलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण कारण सगळ्यांना पाठ होतं. नगरपालिकेत बाईंनी सगळी नोकरी एका खिडकीमागे काढली. कोणी तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन येवो की बंद पडलेल्या दिव्याची, बाई अर्ज शेवटपर्यंत वाचायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, “वरून आलं की बघू.” त्यात लबाडी नव्हती. खरोखरच सगळं वरून यायचं आणि यायचं तेव्हाच यायचं. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण लोक चेष्टेनं म्हणतात. बाईंना त्यात चेष्टा कुठे आहे ते कळत नसे. त्यांनी कोणाकडून कधी पैसा खाल्ला नाही, कोणाचा कागद हरवला नाही आणि एकही निर्णय स्वतः घेतला नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, “यांच्यामुळे आम्ही कधी अडचणीत आलो नाही.” बाईंना ते वाक्य फार आवडलं होतं.

तर अशा बाई आता समितीच्या प्रमुख होत्या आणि एक पूल त्यांच्या उत्तरासाठी अडला होता.

गावाच्या मधून ओढा वाहतो. अलीकडे बाजारपेठ, पलीकडे घरं. दोन्ही जोडणारा पायी जायचा लोखंडी पूल कारखान्याच्या भरभराटीच्या दिवसांत झाला आणि कारखान्यापाठोपाठ गेला. फळ्या कुजल्या, एके दिवशी एका माणसाचा पाय आरपार गेला आणि नगरपालिकेनं दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून बाजारात यायचं तर भाजी आणायला अर्धी सकाळ. लोक यायचे बंद झाले. दुकानं एकेक करून मिटली. बाईंच्या सुनेचं शिवणाचं दुकान पुलाच्या अगदी तोंडाशी होतं. तिच्याकडे आता नवे कपडे कमी आणि जुन्याला ठिगळं जास्त.

मग गावाला निधी मिळाला. एका संस्थेनं आणि नगरपालिकेनं मिळून तो ठेवला होता आणि अट एकच होती: कुठे खर्चायचा ते गावकऱ्यांनी ठरवायचं, राबवायचंही त्यांनीच. सभा भरली. या गावात दिवस आहे की रात्र यावरसुद्धा दोघांचं एकमत होणं कठीण, पण पुलाच्या नावाला सगळे हात वर गेले. तिथेच नऊ जणांची समिती निवडली आणि कागदपत्रं कळतात म्हणून बाईंना प्रमुख केलं. नगरपालिकेनं पूल समितीच्या ताब्यात दिला, तोही इतक्या आनंदानं, की जणू दुखरी दाढच कोणी उपटून नेली. आराखडा काढायला एक तरुण इंजिनिअर मिळाली. आणि काम कोणी करायचं? न्हावी सभेत उभा राहून म्हणाला, “बाहेरचा कंत्राटदार कशाला? कारखान्याचे फिटर घरी बसून भिंतींना खिळे ठोकताहेत. बायका वैतागल्यात.” त्यावरही हात वर गेले.

राहिला कामाचा आदेश. तो समितीच्या प्रमुखानं द्यायचा. बाईंनी सुरेख प्रस्ताव तयार केला, नकाशे जोडले, तीन प्रती काढल्या आणि त्या आपल्या जुन्या कार्यालयात मंजुरीसाठी पाठवून दिल्या.

खरी गंमत पुढेच आहे. समितीतल्या एकाही माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. न्हावी असो की शाळेतली शिपाईण, की जाडा वाणी, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सगळे वाट बघत बसले. वर कोणीतरी असतंच, ही इतक्या पिढ्यांची सवय. ती एका सभेनं थोडीच जाते! घोंगडं भिजत पडलं. विचारायचं मात्र सगळे बाईंनाच.

उत्तर आलं ते एका दुपारी, सुनेच्या दुकानात. टपालवाला तिथेच देऊन गेला. बाईंनी पाकीट फोडलं, वाचलं आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या.

“काय म्हणतात, आई?” सुनेनं मशीन थांबवलं.

बाईंनी मोठ्यानं वाचलं. “आपला प्रस्ताव प्राप्त झाला असून तो योग्य त्या कार्यवाहीसाठी विचाराधीन ठेवण्यात आला आहे.”

“म्हणजे हो की नाही?”

“म्हणजे काहीच नाही.”

“असं कसं? विचार करतायत म्हणजे काहीतरी...”

“कोणी विचार करत नाहीये,” बाई म्हणाल्या. “हे वाक्य माझं आहे. मीच बसवलं होतं. उत्तर तर द्यायचं असतं आणि सांगायचं तर काही नसतं, त्या वेळेसाठी.”

सून जी हसत सुटली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन तिथेच राहिलं. तेवढ्या वाक्यावर किती माणसं त्यांच्या खिडकीवरून परत गेली असतील! आज त्याच रांगेत त्या उभ्या होत्या.

सुनेनं डोळे पुसले. “आई, रागावू नका. पण तुम्ही हे पाठवलं कशाला? निधी आपला. पूल त्यांनी आपल्याला देऊन टाकला. काम आपली माणसं करणार. मग मंजुरी द्यायला त्यांच्यापाशी आहे काय?”

बाईंनी पत्राची घडी घालून ते पाकिटात सरकवलं. या प्रश्नासाठी त्यांनी एकही वाक्य बसवून ठेवलं नव्हतं.

“आणि ऐका,” सून म्हणाली. “फिटरदादा सकाळी पिशव्या शिवून घेऊन गेले. जाड कापडाच्या. हत्यारं बांधायला. त्यांना दुसऱ्या गावी काम आलंय. सगळेच निघालेत.”

बाई तशाच उठल्या.

फिटरदादा म्हणजे कारखान्याच्या फिटरांतला सगळ्यात जुना माणूस. ओसरीवर पाने, पक्कडी, हातोडे मांडून तो एकेक तेलाच्या फडक्यानं पुसत होता. बाईंना बघून त्यानं खुर्ची पुढे केली.

“निघालात म्हणे?”

“पोटाला लागतंच ना, ताई. ते परवा या म्हणतायत.” त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे बाईंना जास्तच लागलं. “पोरं माझ्या शब्दावर थांबली होती. आता मी तरी काय सांगू त्यांना?”

“मी आदेश दिला तर थांबाल?”

फिटरदादा हसला. “बाहेरगावी कोणाला जायचंय हो हौसेनं? आमचाच पूल आहे तो. माझ्या बापानं त्याचे रिव्हेट मारलेत. पण ताई, सही कोणाची असणार?”

“माझी.”

“वरून?”

“वर कोणी नाही,” बाई म्हणाल्या. बोलून गेल्या आणि खुर्चीवर न बसताच घराकडे निघाल्या.

घरी यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “अगं, सुखानं पेन्शन खायची सोडून ही नसती ब्याद कशाला? समितीत नऊ माणसं आहेत. पण पूल पडला तर नाव कोणाचं? सही असेल तिचं. गाव तुझ्या नावानं खडे फोडेल.”

ते खोटं बोलत नव्हते. बाईंनी आयुष्यभर हेच बघितलं होतं. काम बिघडलं की पहिल्यांदा कागद उघडायचे आणि सहीवर बोट ठेवायचे. म्हणूनच तर शहाणी माणसं सही दुसऱ्याची घ्यायची. त्यांना भीती वाटली, चांगली सणसणीत भीती वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही.

“मला भीती वाटतेय,” त्या यजमानांना म्हणाल्या.

“मग?”

“मग काही नाही. पेन कुठंय?”

त्यांनी आदेश लिहून काढला. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं आलं. खाली उजव्या कोपऱ्यात सवयीनं पेन्सिलीची बारीक फुली मारली, साहेबांना सही कुठे करायची ते कळावं म्हणून. मग तो कागद हातात उचलला. पण पुढे सरकवायला समोर साहेबांचं टेबलच नव्हतं. शेवटी त्यांनी त्या फुलीवर स्वतःची सही केली, ठळक आणि पूर्ण नावाची. यजमान बघत होते. त्यांनी दिवा जरा जवळ सरकवला.

दुसऱ्या दिवशी पुलाच्या तोंडांवरचे पत्रे निघाले.

त्यानंतर त्या ओढ्याकाठी जे चाललं ते बघायला अर्धं गाव रोज येऊन उभं राहायचं. फिटर पुन्हा जुन्या निळ्या गणवेशात आले. काहींची पोटं आता त्यात मावत नव्हती, पण गणवेश तोच. गंजलेले भाग कापून निघाले, नवे गर्डर बसले. इंजिनिअर रोज येऊन प्रत्येक जोड तपासायची आणि पसंत पडला नाही तर पुन्हा करायला लावायची. फिटरदादा कुरकुर न करता पुन्हा करायचा. सून सगळ्यांना चहा पाठवायची. न्हाव्यानं तर काम संपेपर्यंत फिटरांची दाढी फुकट जाहीर केली, तरी त्यातही “गर्डरपेक्षा तुमच्या दाढ्या कडक” म्हणून ऐकवायचा तो ऐकवायचाच. बाई दोन्ही वेळेला फेरी मारायच्या. कोणी काही विचारलं की आधी त्यांचा हात चष्म्याकडे जायचा, मग मध्येच थांबायचा आणि त्या सांगायच्या, हे करा, ते नको. चुकलंही एकदोनदा. एकदा कठड्याचा रंग असा निवडला की सगळ्या गावानं नाकं मुरडली. तो पुन्हा खरवडून काढावा लागला. पण आता लोक “वरून आलं का” असं विचारत नव्हते. “ताईंनी काय सांगितलं” असं विचारत होते. बाईंना त्याचा अभिमान वाटायचा आणि तो त्या आता लपवतही नसत.

मग भाराची परीक्षा आली. वाळूची पोती भरून पुलावर रचायची, त्यावर एरवी कधी येणार नाही एवढं वजन द्यायचं आणि पूल किती वाकतो ते मोजायचं. दोन्ही काठांवर गाव जमलं. पोती हातोहात पुलावर गेली. इंजिनिअरनं माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि मान हलवली. “उत्तम. आता फक्त शेवटचे थर.”

तेवढ्यात फिटर एकामागून एक काठ उतरले आणि ओढ्याच्या पाण्यात, बरोबर पुलाखाली जाऊन उभे राहिले.

“अहो, हे काय?” इंजिनिअर ओरडली. “भार चढत असताना खाली कोणी थांबायचं नसतं! बाहेर या आधी.”

“आमचा कारखान्यातला रिवाज आहे,” फिटरदादा खालून म्हणाला. “नवी क्रेन पहिला भार उचलते, तेव्हा ती बसवणारा खाली उभा राहतो. माझा बाप राहिला, मी राहिलो. त्याशिवाय काम पुरं झालं असं आम्ही धरत नाही.”

“ताई, तुम्ही तरी सांगा यांना!”

बाईंनी आधी इंजिनिअरला विचारलं, “आपलं माप काय सांगतं?”

“माप चोख आहे. पूल यापेक्षा कितीतरी जास्त पेलेल. पण नियम...”

“नियम बरोबर आहे. बोलणी मी खाईन.” मग त्या कठड्यावरून वाकल्या. “फिटरदादा, तुमच्या रिवाजात सही करणारा कुठे उभा राहायचा?”

फिटरदादा जरा घुटमळला. “साहेब होय? साहेब केबिनमध्ये असायचे. काचेतून बघायचे.”

बाईंनी हातातली पिशवी सुनेकडे दिली. चपला काढून काठावर नीट शेजारी शेजारी ठेवल्या. “आई, अहो आई!” सून म्हणाली, पण तिनं अडवलं नाही, उतरताना हात तेवढा धरला. यजमान गर्दीतून पुढे आले आणि त्यांनी पत्नीच्या चपला उचलून हातात घेतल्या, कोणाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून.

पाणी घोट्यापर्यंत होतं आणि चांगलंच गार होतं. फिटर सरकले आणि त्यांनी मधोमध जागा करून दिली. डोक्यावरच्या पुलावर पोती पडायला लागली, धप्, धप्. लोखंड एकदा कुरकुरलं. फळ्यांच्या फटींतून वाळूची बारीक धार बाईंच्या केसांवर आली. ती त्यांनी पदरानं झटकली.

पोती थांबली. न्हावी कठड्यावरून खाली वाकला. त्याचा चेहरा घामेजलेला होता आणि त्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

“ताई, आणखी एक थर राहिलाय. ठेवायचा का?”

बाईंनी मान वर केली.

“ठेवा.”